हरभऱ्याच्या पिठाचा माग काढत: मार्सेय ते पालेर्मो, खात-पीत कसं फिरावं

भूमध्य समुद्राकाठची बंदरं बघायला निघणारे बहुतेक जण आधी चर्च, किल्ले आणि संग्रहालयांची यादी करतात. जेवणाचं तिथे गेल्यावर बघू म्हणतात. पहिल्यांदाच जाणार असाल तर याच्या उलट करा, असं मी सांगेन. गोदीतले हमाल, खलाशी आणि कोळी पिढ्यानपिढ्या उभ्याउभ्या जे खात आले, तिथून सुरुवात करा. गावाचा व्यापार, तिथली गरिबी, बाहेरून आलेली माणसं, सगळं त्या खाण्यात उतरलेलं असतं. शिवाय ते अजूनही चार-पाच युरोंत मिळतं.

सुरुवातीला मार्ग सापडावा म्हणून एक धागा हातात धरा: हरभऱ्याचं पीठ. मार्सेयला त्याचे पानिस होतात, नीसला सोका, जिनोआला फारिनाता, पालेर्मोला पानेल्ले. पीठ एकच, पण दर बंदरात ते वेगळ्या तऱ्हेने आगीवर चढतं. बेसन आपल्या जिभेला लहानपणापासून ठाऊक असल्याने हे फरक आपल्याला चटकन कळतात. आणि बरोबर कुणी शाकाहारी असेल तर त्यालाही गावाचं अस्सल खाणं खाता येतं, नुसत्या सॅलडवर दिवस काढावे लागत नाहीत.

आधी मार्ग आखा

क्रम असा ठेवा: फ्रान्समधली मार्सेय आणि नीस, मग इटलीतली जिनोआ आणि पालेर्मो. मार्सेय ते नीस आगगाडीने अडीच-पावणेतीन तास लागतात. नीसहून सीमेवरच्या व्हेंतिमिल्याला गाडी बदलून जिनोआ. बराचसा रस्ता समुद्राला लागूनच जातो, म्हणून दिवसाची गाडी घ्या आणि समुद्राच्या बाजूची खिडकी धरा. जिनोआहून पालेर्मोला मोठी फेरीबोट जाते. ती साधारण २० तास घेते. बहुतेक वेळा रात्री सुटून दुसऱ्या संध्याकाळी पोचते. विमान दीड तासात पोचवतं हे खरं. पण बंदरं बघायला निघालो आहोत, तर एका बंदरातून दुसऱ्यात निदान एकदा तरी पाण्यावरून शिरावं.

मार्सेयला तीन रात्री, नीसला दोन, जिनोआला चार, पालेर्मोला चार. कमी दिवस असतील तर नीस गाळा, जिनोआ कापू नका.

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. फ्रान्स आणि इटली दोन्हींसाठी तो एकच. ज्या देशात जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज करायचा. वरच्या आखणीत तो इटली. अर्ज निघण्याआधी सहा महिन्यांपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर भेटीच्या वेळा मिळत नाहीत, म्हणून लवकर हात घाला. प्रवास-विमा किमान ३०,००० युरोंचा हवा.

एप्रिल ते जूनचा मध्य किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर, हे दिवस चांगले. ऑगस्ट टाळा. उकाडा असतोच, शिवाय १५ ऑगस्टच्या आसपास इटलीत सणाची सुट्टी असते आणि घरच्या माणसांनी चालवलेली छोटी दुकानं, म्हणजे नेमकी आपल्याला हवी असलेली, बंद होतात.

पोचल्यावर पहिली सकाळ बाजारात

कुठल्याही बंदरात पहिली सकाळ बाजारासाठी राखा. तिथल्या टोपल्यांत जे दिसेल तेच संध्याकाळी मागायचं. बाजारात न दिसलेला मासा हॉटेलच्या पाटीवर असेल, तर तो लांबून किंवा बर्फातून आलेला असण्याची शक्यता जास्त.

दोन रीती सांभाळा. फ्रान्समध्ये दुकानात शिरताच आधी ‘बोंजुर’ म्हणायचं, मग पुढचं बोलणं; ते राहिलं तर समोरच्या माणसाचा आवाज लगेच कोरडा होतो. आणि दोन्ही देशांत फळं-भाज्या आपल्या हाताने निवडायच्या नाहीत. विक्रेत्याला सांगायचं, तो निवडून देतो. आपल्याला हे जड जातं, कारण भेंडी मोडून बघितल्याशिवाय आपलं पाऊल पुढे पडत नाही.

मार्सेय: मासे, मसाले आणि पानिस

मराठी माणसाला मार्सेय म्हटलं की मोरिया बोट आणि ८ जुलै १९१० ची सावरकरांची उडी आठवते. हे शहर त्याच्याही फार आधीचं, इसवी सनापूर्वी ६०० च्या सुमारास ग्रीक दर्यावर्दींनी वसवलेलं. त्यांनी नांगर टाकला ती खाडी म्हणजे आजचं जुनं बंदर. सकाळी तिथे धक्क्यावर कोळी मंडळी आदल्या रात्रीची मासळी मांडून बसतात. टेबलं मोजकी असतात आणि दुपारपर्यंत आवरतात, म्हणून नवाच्या आत जा.

इथली प्रसिद्ध चीज बुइयाबेस. न विकले जाणारे काटेरी, खडकांतले मासे कोळ्यांनी एकत्र उकळले, तिथून तिची सुरुवात. आज तीच गावातली महागडी डिश आहे, माणशी ६० युरोंच्या पुढे. १९८० मध्ये इथल्या काही हॉटेलवाल्यांनी तिची सनद लिहून काढली; ठरलेल्या यादीतले निदान चार जातींचे मासे त्यात हवेत. खरी बुइयाबेस दोन भागांत येते. आधी केशराचा रस्सा, सोबत भाजलेला पाव आणि ‘रुई’ नावाची लसूण-मिरचीची चटणी. मग अख्खे मासे, जे समोर साफ करून देतात. एक-दोन दिवस आधी सांगून ठेवावं लागतं. खिशाला परवडत नसेल तर ‘सूप द पुआसों’ मागा. तोच रस्सा, तीच रुई, फक्त मासे गाळलेले. पहिल्या भेटीत मी हेच सुचवेन. जुन्या बंदरावर वीस युरोंत बुइयाबेस देणारी पाटी दिसली तर पुढे चला.

पानिससाठी शहराच्या वायव्य टोकाला एस्ताकला जायचं. सेझान या चित्रकाराने जिथली चित्रं काढली तो हा किनारा. पीठ पाण्यात शिजवून, घट्ट करून, थापून त्याचे काप तळायचे: आपल्याकडे पाटवडी करणाऱ्या हाताला ही कृती अर्धी पाठ आहे. फक्त फोडणी नाही, मसाला नाही. मीठ-मिरपूड आणि कागदाचा पुडा. समुद्राकाठच्या टपऱ्यांवर उभं राहून गरमागरम खायचे. बाहेर कुरकुरीत, आत लोण्यासारखे मऊ. निवले की मजा गेली. शेजारीच शिशी फ्रेजी नावाचं साखरेत घोळलेलं लांब तळण असतं, तेही घ्या.

एक दुपार नोआय भागात घालवा. अल्जीरिया, ट्युनिशिया, मोरोक्कोहून आलेल्यांचा हा बाजार: जिरं, हरिसा ही मिरचीची चटणी, पुदिन्याच्या जुड्या, ऑलिव्हची पिंपं. समुद्रापलीकडचा आफ्रिका इथल्या ताटात किती आहे, ते इथे समजतं. सुटीच्या वाटेवर सोबत ठेवायला नावेत नावाची होडीच्या आकाराची, संत्र्याच्या फुलांच्या वासाची कडक बिस्किटं घ्या. सेंट व्हिक्टर चर्चजवळची भट्टी ती १७८१ पासून भाजते आहे.

वाइन कशी मागायची

आता वाइनबद्दल, कारण नवख्या माणसाला सर्वात जास्त धास्ती तिचीच असते. जाडजूड यादी उघडू नका. सुरुवातीला घरची वाइन मागा. फ्रान्समध्ये ‘अं पिशे’, म्हणजे तांब्या, इटलीत ‘उन क्वार्तो’, म्हणजे पाव लिटर. पाव लिटरात दोघांना दोन छोटे पेले होतात. स्वस्त असते, बहुधा आसपासच्याच मळ्यातली असते आणि जेवणाशी जमते. खाणं समोर आल्यावरच प्या, रिकाम्या पोटी नको, आणि तेवढंच पाणीही प्या. फ्रान्समध्ये ‘कराफ दो’ म्हटलं की नळाचं स्वच्छ पाणी फुकट मिळतं. इटलीत बहुधा बाटलीच आणतात.

बाटलीवर फ्रान्समध्ये एओसी किंवा एओपी आणि इटलीत डीओसी अशी अक्षरं दिसली, की ती वाइन ठरावीक भागातल्या, ठरावीक द्राक्षांची आणि ठरलेल्या नियमांनी केलेली आहे. नवख्याने एवढं बघितलं तरी पुरे. मग भागांची नावं लक्षात ठेवायची. मार्सेयला कासी: शेजारच्याच गावची पांढरी, १९३६ मध्ये फ्रान्सने जी पहिली नावं मान्य केली त्यांतली एक. सूप द पुआसोंबरोबर हीच घ्या. मांसाहाराबरोबर बांदोलची तांबडी. मार्सेयभोवतालच्या प्रोव्हान्स प्रांताची गुलाबी रोझे रंगावरून गोड वाटते, पण ती कोरडी असते.

नीस आणि जिनोआच्या मधल्या किनाऱ्यावर व्हेर्मेंतिनो हे द्राक्ष सगळीकडे भेटतं. फ्रेंच त्याला रोल म्हणतात, जिनोआभोवतालच्या लिगुरिया प्रांतातलं पिगातोही त्याच्याच जातीचं. हरभऱ्याच्या पिठाबरोबर सीमा ओलांडत जाणारी ही दुसरी गोष्ट. नाशिकची शेनिन ब्लांक चाखलेल्यांना व्हेर्मेंतिनो कमी गोड, थोडी खारट आणि शेवटी किंचित कडवट लागेल. तो कडवटपणाच तेलात भाजलेल्या पिठाला उठाव देतो.

या समुद्राची वाइन आपल्याकडे काही नवी नाही. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने पश्चिम भारताच्या बंदरांची नोंद करून ठेवली आहे. भडोचला उतरणाऱ्या मालात तो इटलीची वाइन सांगतो, आणि त्याच नोंदीत कल्याण, सोपारा, पैठण आणि तेर ही आपली गावं येतात.

गाडी भाड्याने घेतली असेल तर चालवणाऱ्याने पिऊ नये. दोन्ही देशांत रक्तातल्या मद्याची मर्यादा लिटरला अर्धा ग्रॅम आहे आणि तपासणी होते. न पिणाऱ्यांनी अजिबात संकोच करू नये. मार्सेयला पुदिन्याचं सरबत, जिनोआला किनोत्तो हे कडवट लिंबूवर्गीय पेय, पालेर्मोला बदामाचं थंड दूध ही तिथलीच पेयं आहेत.

नीस: एक सकाळ पुरते

कूर सालेयाचा बाजार सोमवारी सोडून रोज सकाळी भरतो. सोमवारी तिथे जुन्या वस्तू विकतात. जुन्या नीसच्या गल्ल्यांत सोका मिळतो: पिठाचं पातळ मिश्रण मोठ्या तांब्याच्या परातीत ओतून लाकडाच्या भट्टीत भाजलेलं, वर भरपूर मिरपूड. हाताने तोडून खायचा. १८६० पर्यंत, मधला थोडा काळ सोडला तर, नीस फ्रान्समध्ये नव्हतं, आल्प्सपलीकडच्या सावॉय घराण्याच्या राज्यात होतं. तेव्हा सोका आणि फारिनाता सख्खी भावंडं दिसतात यात नवल नाही. शहराच्या हद्दीतच टेकड्यांवर बेले नावाचे छोटे द्राक्षमळे आहेत. त्यांची वाइन थोडी होते आणि बाहेर क्वचितच दिसते. एक पेला इथेच घ्या.

जिनोआ: इथला वेळ कापू नका

या चौघांत माझं मन जिनोआवर आहे. हे शहर पाहुण्यासाठी सजून बसत नाही. जुन्या बंदरामागच्या उंच, अरुंद गल्ल्यांना कारुज्जी म्हणतात; तिथे ऊन दिवसातून थोडाच वेळ उतरतं आणि दर वळणावर भाजल्याचा वास येतो. बंदराला समांतर सोत्तोरिपाच्या कमानी आहेत. त्यांच्याखाली तळणाची दुकानं, अँकोव्ही हे छोटे मासे आणि माकूळ कागदात बांधून देणारी.

दिवसाची सुरुवात फोकाच्चाने करा. ऑलिव्ह तेलात न्हालेला, बोटांनी खळगे पाडलेला हा चपटा पाव जिनोआची माणसं सकाळी कापुचिनोत बुडवून खातात. ऐकायला विचित्र, पण खारट पाव आणि दुधाळ कॉफी एकदा जमली की रोज लागते. फोकाच्चा वजनावर मिळतो. ‘उन एत्तो’ म्हणजे १०० ग्रॅम.

मग मेर्काटो ओरिएंटाले. व्हिया व्हेंती सेत्तेंब्रे या मोठ्या रस्त्यावर, मठाच्या आवारात १८९९ मध्ये सुरू झालेला बाजार. इथे जिनोआच्याच प्रा या भागातल्या बेसिलच्या जुड्या बघा. पाने लहान, कोवळी, फिकट हिरवी. पुदिन्यासारखा उग्र वास नाही. जिनोआचा पेस्तो याच पानांचा. संगमरवरी खल, लाकडी बत्ता, लसूण, पाइनच्या बिया, जाड मीठ, दोन जातींचं चीज आणि लिगुरियाचं तेल. तो आगीवर कधी ठेवत नाहीत. गरम पास्त्यावर, उकडलेल्या बटाट्याच्या फोडी आणि फरसबीसोबत कालवतात. ‘ट्रोफिये आल पेस्तो’ किंवा ‘ट्रेनेत्ते’ मागा आणि बटाटा-फरसबी आहे का विचारा. नसेल तर दुसरीकडे जा.

फारिनातासाठी वेळ सांभाळावी लागते. पीठ पाण्यात कालवून काही तास ठेवतात, वरचा फेस काढतात, मग आतून कल्हई केलेल्या मोठ्या तांब्याच्या परातीत तेल ओतून त्यावर मिश्रण घालतात आणि धगधगत्या लाकडाच्या भट्टीत सरकवतात. थर बोटाच्या पेराहूनही पातळ. वर सोनेरी पापुद्रा, खाली मऊ, कडेला कुरकुरीत. फारिनाता भाजणाऱ्या दुकानांना शामाद्दा म्हणतात. परात दुपारी आणि संध्याकाळी निघते. कधी निघणार ते दुकानात विचारून ठेवा आणि त्या वेळी हजर राहा. तासभर पडून राहिलेला तुकडा घेऊ नका. आधी साधीच घ्या, नंतर कांद्याची. ‘बियांकेत्ती’ म्हटलं तर त्यात बारीक मासे असतात.

फारिनाताच्या जन्माची एक आख्यायिका गावभर सांगतात. १२८४ मध्ये मेलोरियाच्या लढाईत जिनोआने पिसाचं आरमार बुडवलं. परतताना वादळात जहाजावरची हरभऱ्याच्या पिठाची पोती आणि तेलाची पिंपं फुटून समुद्राच्या पाण्यात कालवली गेली. तो चिखल उन्हात वाळला, आणि खलाशांनी खाल्ला. खरं-खोटं काही असो, पीठ, तेल, मीठ आणि पाणी ही यादी जहाजाच्या कोठारातलीच आहे. पुढे स्थलांतरितांनी फारिनाता थेट ब्यूनोस आयरेसला नेली. तिथे ती आजही पिझ्झाच्या तुकड्यावर ठेवून खातात.

हेच लक्षात घेऊन बाकीचं ताट वाचा. समुद्रकाठचं शहर नॉर्वेचा वाळवलेला मासा, स्तोक्काफिस्सो, इतक्या प्रेमाने का शिजवतं? कारण तो बोटींतून इथे उतरत होता. आणि पालेभाज्यांची एवढी आवड कशाला? डोंगर इथे थेट समुद्रात उतरतो, गुरांना चरायला जागा नाही, पायऱ्या-पायऱ्यांच्या तुकड्यांवर भाजी तेवढी पिकते. म्हणून पालेभाजी भरलेली तोर्ता पास्क्वालीना, रानभाजी भरलेला पान्सोती हा पास्ता आणि त्यावर अक्रोडाची चटणी. मासा न खाणाऱ्या माणसालाही इथे चार दिवस रोज नवीन पदार्थ मिळतो.

शेवटच्या संध्याकाळी शाक्केत्राचा छोटा पेला मागा. शेजारच्या चिंक्वे तेर्रेच्या दगडी बांधांवरच्या द्राक्षांची, वाळवून केलेली गोड वाइन. महाग आहे, कारण त्या कड्यांवर यंत्र चालत नाही, सगळी मेहनत हाताची.

बोट, आणि पालेर्मो

फेरीचा धक्का पियात्सा प्रिंचिपे स्टेशनजवळ पडतो. बोटीवरचं जेवण यथातथाच असतं, म्हणून फोकाच्चा आणि फळं बरोबर घ्या.

पालेर्मोत पहिली सकाळ बाल्लारोच्या बाजारात. ओरडून माल विकणारे, तलवारमाशाची डोकी, लिंबांचे ढीग. सन ८३१ पासून सुमारे अडीच शतकं इथे अरबांचं राज्य होतं. ऊस आणि लिंबूवर्गीय फळांची शेती त्यांनी वाढवली. गोड पदार्थ बघताना हे आठवा: रिकोत्ता चीज आणि बदामाची कास्साता, बदामाच्या लगद्याची हुबेहूब फळं.

पानेल्ले म्हणजे पीठ शिजवून, पार्सली घालून, पातळ पसरून कापलेल्या आणि तळलेल्या चकत्या. तिळाच्या पावात पाच-सहा भरायच्या, वर लिंबू पिळायचं. वडापावच्या गावातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. सोबत बटाट्याचे क्रोक्के. गाडीवर तेल ताजं दिसतंय का आणि शेजारी मासे तळताहेत का, एवढं बघा.

काही गोष्टी आधीच माहीत असाव्यात. ‘पानी का मेउसा’ हा वासराच्या प्लीहा-फुप्फुसाचा पाव असतो. आरांचिना या भाताच्या तळलेल्या गोळ्यात मांसाचा खिमा किंवा हॅम असतो. पालकाची वेगळी मिळते, विचारून घ्या. स्फिंचोने या जाड पिझ्झात बहुधा अँकोव्ही असते. ‘सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे’, म्हणजे मांस नको, मासे नकोत, हे दोन शब्दप्रयोग पाठ करा. चीज कडक शाकाहारी हवं असेल तर पार्मिजानो टाळावं लागेल, त्याचं दूध वासराच्या पोटातल्या रेनेट या विरजणाने लावतात. वांग्याची कापोनाता मात्र निर्धास्त खा: आंबट-गोड, केपर्स या खारवलेल्या कळ्या घातलेली, गार वाढलेली.

पानेल्लेबरोबर ग्रिल्लो ही पांढरी वाइन. एक दिवस काढून पश्चिमेच्या मार्साला गावी जा. १७७३ मध्ये जॉन वुडहाउस नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याने इथली वाइन लांबच्या समुद्रप्रवासात टिकावी म्हणून त्यात मद्यार्क घालून इंग्लंडला पाठवली. मार्साला नावाची वाइन त्या जहाजातून जगभर गेली. दुकानात स्वयंपाकाची गोडसर बाटली पुढे करतात. तुम्ही ‘व्हेर्जिने’ मागा. ती किमान पाच वर्षं पिंपात मुरलेली, कोरडी, अक्रोडाच्या वासाची असते.

डिसेंबरात जाणं शक्य असेल तर १३ तारीख पालेर्मोत गाठा. १६४६ च्या दुष्काळात गव्हाने भरलेलं जहाज या बंदराला लागलं आणि भुकेल्या लोकांनी गहू दळायचीही वाट न बघता तसाच शिजवला, असं सांगतात. त्या आठवणीने सांता लुचियाच्या दिवशी पालेर्मोची माणसं पाव आणि पास्ता खात नाहीत. घरोघर अख्ख्या गव्हाची कुच्चिया होते आणि दुकानांसमोर आरांचिना-पानेल्लेसाठी रांगा लागतात. सकाळीच जा, दुपारनंतर ताजा घाणा मिळवायला बराच वेळ उभं राहावं लागतं.

पैसे, वेळा आणि परतीचं सामान

इटलीत बिलावर ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी एक-दोन, कधी तीन युरो लागतात. ती फसवणूक नव्हे. वेगळी टिप द्यायचं बंधन नाही. फ्रान्समध्ये सेवेचे पैसे किमतीत धरलेलेच असतात. कॉफी उभ्याने प्यायलात तर स्वस्त, टेबलावर बसलात तर महाग. दुपारचं जेवण साडेबारा ते अडीच. त्यानंतर स्वयंपाकघर बंद. रात्री साडेसातच्या आत बहुतेक ठिकाणी चूल पेटत नाही, तोवर तळणाची दुकानं आहेत. रविवारी बरीच दुकानं बंद, म्हणून शनिवारी फळं घेऊन ठेवा. गाड्यांवर लागते म्हणून थोडी रोकड जवळ असू द्या.

परतताना भारतात प्रौढ माणसाला दोन लिटरपर्यंत मद्य करमुक्त आणता येतं, म्हणजे नेहमीच्या दोन बाटल्या आरामात. एक मार्साला व्हेर्जिने आणि एक शाक्केत्राची छोटी बाटली घ्या. ताजी व्हेर्मेंतिनो तिथेच संपवावी. बाटल्या कपड्यांत गुंडाळून चेक-इन बॅगेत ठेवा. केपर्स आणि हरभऱ्याचं पीठ हवं तर आणा. पण फारिनातासाठी आपल्या वाण्याकडचं बारीक बेसनही चालतं: एक वाटी बेसन, तीन वाट्या पाणी, मीठ, चार-पाच तास मुरवून, भरपूर ऑलिव्ह तेल घातलेल्या ताटलीत पातळ ओतायचं आणि ओव्हन असेल तेवढा कडक तापवून भाजायचं.